माझ्यासाठी मारलेला माणूस

काळाचौकी, ११ मार्च २०२४

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तुरुंगातला कोणीतरी साहेब उघडून वाचणार. वाचू दे.

आई दर आठवड्याला मुलाखतीला येते आणि तुला सांगते की अनुजाच्या चेहऱ्याला ऊन सोसत नाही, म्हणून ती येत नाही. ते खरं नाही. मला तुझं तोंड बघायचं नाही, म्हणून मी येत नाही. लिहायला बसले, कारण पोलिसांना तू काय सांगितलंस ते काल वकिलांकडून कळलं. ‘माझ्या बहिणीला त्या मास्तराने जाळलं, म्हणून मी त्याला मारलं.’

काय झालं ते तू मला विचारलंच नाहीस. माझ्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तोंड सुजलं होतं, पण मला बोलता येत होतं. एकदा विचारायचं होतंस.

आता सांगते. आमच्या लॅबमध्ये ते मायक्रोवेव्हचं यंत्र आहे ना, ज्याच्यावरून तू मला ‘पापडवाली’ म्हणायचास, त्यात जाड टेफ्लॉनची सहा भांडी बसतात. जस्ताचं मीठ आणि युरिया पाण्यात विरघळवून भरायचं, झाकणं घट्ट आवळायची आणि तापवायचं. भांडं बंद असल्यामुळे पाणी दोनशे अंशांपर्यंत गेलं तरी वाफ होऊन उडून जात नाही, आत दाब वाढत राहतो. त्या दाबाखाली झिंक ऑक्साइडचे इतके बारीक कण बनतात की एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील. साध्या भट्टीत ज्याला अख्खी रात्र जाते ते यात अर्ध्या तासात होतं. कापड रंगवलेल्या घाण पाण्यात हे कण टाकून उन्हात ठेवलं तर रंग तुटतो. तो किती तुटतो, कसा तुटतो, ही माझी पीएचडी.

भांडी सहा, पण तापमान मोजणारी कांडी एकाच भांड्यात असते. त्या दिवशी पडद्यावर आकडा उतरला, यंत्राने दार उघडायची परवानगी दिली, मी हातमोजे-गॉगल घालून भांडी बाहेर काढली. त्यातल्या एकाची झडप चोंदली होती. आत युरियाचा वायू कोंडलेला आणि द्रावण नको तितकं तापलेलं. ते कुठल्याच पडद्यावर दिसत नव्हतं. मी झाकण सैल करायला घेतलं आणि ते गोळीसारखं सुटलं. गॉगलची डावी काच फुटली. कढत द्रावण डोळ्यात, गालावर, मानेवर, ॲप्रनवर.

माझे पीएचडीचे गाईड विजयकर सर शेजारच्या खोलीत होते. त्यांनी मला दंडाला धरून फरफटत दाराजवळच्या शॉवरखाली नेलं. मी त्यांना नखं मारली, मनगटाला चावले. मला वाटत होतं कोणीतरी मला अजून भाजतंय. त्यांनी माझं डोकं भिंतीला दाबून धरलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाणी थांबू दिलं नाही. ॲप्रन भिजून अंगाला चिकटला होता, तो त्यांनी नुसत्या हातांनी फाडून काढला. त्यांच्या तळहातांची कातडी त्या ॲप्रनबरोबर आली.

डॉक्टर म्हणाले, पाणी मारायला उशीर झाला असता तर दोन्ही डोळे गेले असते. आता उजवा चांगला आहे. डाव्याने उजेड आणि सावल्या दिसतात.

आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी मला बघायला परळच्या हॉस्पिटलात आला, कोपरापर्यंत दोन्ही हात बँडेजमध्ये. वॉर्डाच्या दाराबाहेर तू उभा होतास.

अनुजा


काळाचौकी, २ एप्रिल २०२४

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘मला हे माहीत नव्हतं. पण मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. त्याचे हात भाजलेले दिसले, वाटलं हाच तो.’

मला तुझ्याकडून माफी नको होती. पण तू ‘पण’ लिहिलंस.

मी काय ऐकलं ते लिहिते. तू विचारलंस, ‘तूच का विजयकर?’ सर म्हणाले, ‘हो. तुम्ही अनुजाचे भाऊ ना? कशी आहे ती?’ इतकंच त्यांना बोलता आलं. तुझ्या पिशवीत लिफ्टच्या कामाचा मोठा पाना होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त आवाज आला, नारळ फोडल्यासारखा. मग बाईची किंकाळी. मग तोच आवाज, पुन्हा, पुन्हा. मध्ये तू दम घ्यायला थांबत होतास. प्रत्येक वेळी वाटायचं, आता संपलं. आणि तू परत सुरू करायचास. ‘हात वर कर ना! कर हात वर!’ असं ओरडत होतास. दादा, त्या बँडेजमध्ये त्याला बोटं तरी हलवता येत होती का?

मी खाटेवरून उतरले. सलाइनची सुई उपटून निघाली. मी भिंत चाचपत दाराकडे आले आणि ओरडले, ‘दादा, थांब!’ तुला ऐकू आलं. मला माहीत आहे तुला ऐकू आलं, कारण तू मला उत्तर दिलंस. ‘तू आत जा!’ म्हणालास. आणि पुन्हा मारलंस. मग वॉर्डबॉय आणि दोन नातेवाईक तुझ्या अंगावर पडले तेव्हा तू थांबलास. माझ्या पायाला काहीतरी कोमट लागलं. नर्सने मला मागे ओढलं आणि पाय पुसला.

अकरावीत होते तेव्हा पुष्कर नावाच्या मुलाने मला रसायनशास्त्राच्या नोट्स दिल्या होत्या. तू त्याला गॅसकंपनीच्या नाक्यावर गाठून त्याचे पुढचे दोन दात पाडलेस. चाळीतले सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. आईने तुला शिरा करून घातला. त्या मुलाने वर्षभर माझ्याकडे बघितलं नाही, आणि उरलेल्या मुलांनीही. तेव्हाही तू म्हणालास, तुझ्यासाठी केलं.

सरांची कवटी फुटली, जबडा मोडला, उजव्या हाताची तीन बोटं मोडली. एका कानाने ऐकू येत नाही. ते शुद्धीवर आलेत. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून कळवते.

अनुजा


काळाचौकी, २८ एप्रिल २०२४

दादा,

काल तुझा मित्र विकास तुझ्या वकिलांना घेऊन घरी आला होता. तुला हे ठाऊक असणार. तरीही लिहिते, कारण ते काय बोलले ते माझ्या तोंडून तुला कळायला हवं.

वकील आधी चहा प्यायले, माझ्या गालाकडे बघून च्‌च्‌ केलं. मग म्हणाले, "ताई, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलंय. दहा वर्षंसुद्धा होऊ शकतात. पण तुमच्या एका जबाबाने चित्र बदलेल. सर तुम्हाला लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबवायचे?"

"कधीकधी. यंत्र दुपारी दुसऱ्यांकडे असायचं."

"एकटीला?"

"हो."

"मग बघा ना! अंगाला हात लावायचे. तुम्ही विरोध केलात. त्या झटापटीत ते भांडं उडालं. भावाला कळलं, त्याचा तोल गेला. कुठल्या भावाचा जाणार नाही?"

मी म्हणाले, "त्यांनी मला हात लावला तो फक्त वाचवण्यासाठी."

"ते कोणी बघितलंय?" वकील म्हणाले. "आणि मारहाण तरी तुम्ही कुठे बघितलीत? तुमचे डोळे बांधलेले होते."

मी त्यांना जायला सांगितलं. विकास उठला नाही. तो आईकडे बघून म्हणाला, "काकू, समजवा हिला. हितूने सांगितलंय, अनुजा बोलेल म्हणून."

म्हणजे हे तुझ्या संमतीने आहे. मी रात्रभर स्वतःला समजावत होते की वकिलाचं डोकं असेल, विकासचं असेल. तुझं नसेल. आज आई तुला मुलाखतीत भेटून आली आणि मला म्हणाली, "अगो, एकदा बोल. तेचा काय जातला? मास्तर काय जेलात जाणा नाय, तुझो भाव मात्र सुटतलो."

मी म्हटलं, "आई, त्यांचं नाव जाईल. माझंही जाईल."

"तुका भाव नको झालो काय? तो तुझ्यासाठीच आत गेलो मा?"

मग तिने माझ्यावर ताट फेकलं. भात भिंतीला चिकटला. तिने आजवर माझ्यावर हात उगारला नव्हता, तुला माहीत आहे. ताट फेकल्यावर ती घाबरून माझा गाल बघायला धावली, कुठे लागलं का म्हणून. नाही लागलं.

मी ते बोलणार नाही. तू मला विचारलंसही नाहीस, निरोप पाठवलास.

अनुजा


काळाचौकी, १९ मे २०२४

दादा,

मी सरांच्या घरी जाऊन आले. खोताच्या वाडीत राहतात. मी स्पृहाला बरोबर घेतलं. स्पृहा म्हणजे माझ्या लॅबमधली, गिरगावात राहते, तू तिला ओळखतोस.

दार नलूताईंनी उघडलं, सरांच्या बायकोने. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला. मग म्हणाल्या, "तू हितेंद्रची बहीण."

अनुजा म्हणाल्या नाहीत.

"तुझा भाऊ यांना मारत होता तेव्हा मी त्याचा पाय धरला होता. त्याने मला छातीत लाथ घातली. माझी बरगडी मोडली. हे तुला कोणी सांगितलं का?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. ती किंकाळी त्यांची होती. मी तिथेच पायरीवर बसले. स्पृहा मला उठवत होती, आणि नलूताई वरून बोलत होत्या, शांतपणे, मोठ्याने नाही. "मला रोज वाटतं, तो तुरुंगात मरावा. कोणीतरी त्याला असंच मारावं. मी असा विचार करणारी बाई नव्हते. तुझ्या भावाने मला तशी केली." मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आत ये. ते तुला भेटायचं म्हणतात. मी नको म्हणत होते."

सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. अर्धं डोकं भादरलेलं, त्यावर टाक्यांची लांब रेघ. जबड्यात तारा होत्या त्या काढल्यात, पण शब्द अजून दाताखाली आल्यासारखे निघतात. तळहात गुलाबी, लहान मुलाच्या त्वचेसारखे. उजव्या हाताची तीन बोटं सरळ राहतात, मिटत नाहीत.

त्यांना हॉस्पिटलमधलं काही आठवत नाही. लॅबमधलं सगळं आठवतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. "दिसतं?"

"सावली दिसते, सर."

"चांगलं आहे. शॉवर लांब होता. मला वाटलं, पोचणार नाही आपण."

मग ते रडायला लागले. तारांनी दुखावलेला जबडा रडताना नीट हलत नव्हता, तो आवाज मला ऐकवेना. नलूताईंनी त्यांचं तोंड पदराने पुसलं. मी सरांना म्हणाले की मी कोर्टात खरं सांगणार आहे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुला घरात राहायचंय त्यांच्याबरोबर. नीट विचार कर."

तू ज्या माणसाला मारलंस तो असा आहे. मला वाटलं, तुला कळावं.

अनुजा


गिरगाव, १६ जून २०२४

दादा,

पत्ता बदललाय. मी स्पृहाकडे राहते आहे. का, ते ऐक.

गेल्या आठवड्यात मी लालबागला मिरच्या आणायला गेले होते, आईचा मसाला करायचा होता. उन्हासाठी चेहऱ्यावर ओढणी बांधली होती. मिरचीवाल्यांच्या रांगेत विकास आणि दोघंजण आडवे आले. विकासने ओढणी धरून खेचली. गाठ गळ्याला आवळली, नवी कातडी मानेवर फाटली. गर्दीला ऐकू जाईल असं तो ओरडला, "बघा, बघा! भावाला आत सडवणारी! मास्तराची लाडकी!"

त्याने मला मिरच्यांच्या ढिगावर ढकललं. माझा भाजलेला गाल मिरच्यांवर आपटला. काय आग झाली ते मी तुला सांगू शकत नाही. मी तिथे बोंब मारली. दुकानातली शेवंती मावशी, जी दरवर्षी आपल्याला मसाला कुटून देते, तिने मुसळ उचललं आणि विकासच्या खांद्यावर घातलं. तिने मला दुकानात नेऊन गालावर दूध ओतलं आणि पुटपुटत राहिली, "मेल्यांनो, मेल्यांनो."

विकास जाताना म्हणाला, "हे हितूचं सांगणं आहे."

हे खरं असेल तर मला लिहू नकोस. खोटं असेल तरी लिहू नकोस. मी आता तुझ्या होय-नाहीवर थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. भांडं कसं उडालं, सरांनी मला कसं वाचवलं, मी काय ऐकलं, तुझा आवाज, तू मला दिलेलं उत्तर, सगळं. विकासचंही सांगितलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मी ओढणी काढून मान दाखवली.

सही केली. बाहेर आल्यावर घरी गेले नाही, तशीच स्पृहाकडे आले.

अनुजा


गिरगाव, ८ सप्टेंबर २०२४

दादा,

तू पुन्हा आत आहेस, म्हणून पुन्हा लिहिते आहे. हे शेवटचं.

तुला जामीन मिळाला तेव्हा कोर्टाने अट घातली होती, साक्षीदारांना भेटायचं नाही. ती अट तू मोडलीस, आणि आईने मोडायला मदत केली. तिने मला फोन केला. "गणपतीक दोन दिवस रवले. येऊन जेव. तो आता शांत झालो." मी तिचा आवाज ऐकून आले. दुपारची वेळ होती, चाळीत मखरांची लगबग चालली होती. मला वाटलं, इतक्या माणसांत काय होणार आहे.

तू खरंच शांत होतास. बारीक झाला होतास. मला वाटलं, तू माझा चेहरा पहिल्यांदाच बघतोयस, काहीतरी बोलशील. तू माझ्या गालाकडे बघितलंस आणि मान वळवलीस. आपण जेवलो. आईने तुला सोलकढी दोनदा वाढली. मग तू म्हणालास, "जबाब फिरव."

"नाही फिरवणार."

"मी तुझ्यासाठी आयुष्य घालवलं."

मी म्हणाले, "मी मागितलं नव्हतं. मी थांब म्हणाले होते, आणि तू थांबला नाहीस."

पुढचं तुला ठाऊक आहे, पण पोलिसांना तू वेगळंच सांगितलंस, म्हणून लिहिते. तू उठून मला केसाला धरलंस. पहिली थोबाडीत भाजल्या बाजूला मारलीस. मुद्दाम. तू उजव्या हाताने मारतोस, समोरून तीच बाजू येते, असं मी स्वतःला सांगितलं असतं, पण दुसरी आणि तिसरीही तू मला वळवून तिथेच मारलीस. मग मोरीच्या कट्ट्यावर माझं डोकं आपटलंस. मला नारळाचा तोच आवाज आला, या वेळी आतून. मी तुझ्या हाताला चावले, सगळ्या ताकदीनिशी, तोंडात रक्त येईपर्यंत. ते तुझं होतं. तू किंचाळलास. आईने पाटा उचलला होता. तो तिला पेलत नाही, तरी उचलला होता आणि तुझ्यासमोर उभी राहून एकच शब्द म्हणत होती, "सोड. सोड. सोड."

तू सोडलंस आणि जिन्यावरून पळालास.

कपाळाला टाके पडले. उजवा डोळा ठीक आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासला.

संध्याकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तू आमच्या आधी तिथे पोचून सांगून ठेवलं होतंस की बहिणीला डाव्या डोळ्याने दिसत नाही, मोरीत पाय घसरून पडली. तिथल्या हवालदाराने ते माझ्यापेक्षा आईलाच विचारलं, अगदी सहज, सणाच्या आधी प्रकरण मिटावं अशा सुरात.

"मावशी, पोरगी पडली ना?"

मी आईकडे बघितलं नाही. मला भीती वाटली. मी टेबलाकडे बघत बसले आणि मनात म्हणत होते, ती हो म्हणाली तरी मी माझं सांगेन. एकटीने सांगेन.

आई खुर्चीतून उठली. पदर खोचला.

"पडाक नाय ती," ती म्हणाली. "माझ्या झिलान मारल्यान. माझ्या डोळ्यादेखत. लिवा."

हवालदार म्हणाला, "मावशी, विचार करा. जामीन रद्द होईल त्याचा."

"तेच्यासाठीच इलंय." आणि तिने तुझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, एकेक अक्षर. मग विचारलं, सही खंय करूची.

परत येताना टॅक्सीत ती खूप रडली. छाती बडवून घेत होती. मी तिचे हात धरून ठेवले. मी लॅबमध्ये परत जायला लागले आहे, दोन आठवडे झाले. सरही अर्धा दिवस येतात, पण हे तिला त्या टॅक्सीत सांगवेना.

आत्ता ती माझ्या शेजारी बसली आहे. स्पृहाच्या आईने तिलाही ठेवून घेतलंय. मी तिला विचारलं, दादाला लिहितेय, तुझं काही लिहू? ती म्हणाली,

"लिव, वेळेर जेव म्हणान. आणि लिव, माझ्या दारात येव नको."

अनुजा